मिरचीची वाढ खुंटली आणि पानांवर ठिपके आले: माझा अनुभव

गेल्या मे महिन्याच्या मध्यावर मी खोला मिरचीचे बी ट्रेमध्ये पेरले. बी गोव्यातल्या काणकोणच्या खोला गावातून आमच्या नात्यातल्या काकींनी दिले होते. या मिरचीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले असून ते तिच्या मूळ भागापुरते आहे. त्यामुळे फोंडा तालुक्यातल्या माझ्या परसातल्या मिरचीला ते नाव लावून मी ती कोणाला विकणार नाही. मला ती घरच्या हुमणासाठी, म्हणजे माशांच्या आमटीसाठी हवी होती, कारण तिच्यासारखा लाल रंग बाजारच्या मिरचीने येत नाही.

उगवण चांगली झाली. जूनच्या अखेरीस चाळीस रोपे पिशव्यांत लावली आणि तिथून पुढे ती जणू थांबली. तीन आठवड्यांत रोपांची उंची बोटभरही वाढली नाही, खालच्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडू लागला आणि त्याच पानांवर लहान लहान ठिपके दिसू लागले. दोन्ही लक्षणे एकाच वेळी आल्यामुळे मी त्यांचे कारणही एकच धरले. रोपांना खत कमी पडते आहे असे ठरवून मी आठवड्यातून दोनदा विद्राव्य खत दिले, वर थोडा युरियाही टाकला. शेंड्याला लुसलुशीत, गडद पालवी आली खरी, पण आठ दिवसांत तिच्यावरही ठिपके उतरले आणि खालची पाने बोट लागताच गळू लागली.

मग मी पानांचे फोटो घेऊन कृषी कार्यालयात गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी ते पाहिले आणि म्हणाले, "ताई, फोटोवरून अर्धेच कळते. एक रोप मातीसकट काढून आणा, आणि पिशवीतली थोडी माती वेगळी आणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक पिशवी उभी कापली. वरची चार बोटे माती ठीक होती आणि पांढरी मुळे तेवढ्याच थरात पसरली होती. त्याखालचा कोकोपीटचा (नारळाच्या सोडणाच्या भुशाचा) थर मुठीत दाबला तर पाण्याची धार लागली. तिथवर पोचलेली मुळे तपकिरी पडली होती, चिमटीत धरून ओढली की साल निघून येई आणि आत दोऱ्यासारखा गाभा उरे. वाढ का थांबली, हे मला तिथेच कळले. ही मिरची तिच्या गावी डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होते. तिथे पाणी कितीही पडले तरी मुळांशी थांबत नाही. मी तिला निम्म्या कोकोपीटमध्ये, तळाला दोनच भोके असलेल्या पिशवीत, जुलैच्या पावसात उघड्यावर ठेवली होती. कोकोपीटची वीटही मी धुऊन घेतली नव्हती. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये क्षार आणि पोटॅश जास्त असते, आणि जास्तीच्या पोटॅशमुळे रोपाला मॅग्नेशियम घेणे कठीण जाते. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) ५.२ निघाला, आपल्याकडच्या जांभ्या मातीत हे नवल नव्हे, पण मिरचीला तो ६ ते ७ च्या दरम्यान मानवतो. शिरांमधला पिवळेपणा जुन्या पानांपासून सुरू झाला होता, हेही मॅग्नेशियमच्या कमतरतेशी जुळत होते.

ठिपक्यांचे कारण मात्र निराळे होते. भिंगातून पाहिल्यावर ते कोनाकोनांचे, कडेला तेलकट आणि भोवती पिवळे वलय असलेले दिसले. सर्कोस्पोरा बुरशीच्या ठिपक्याचा मधला भाग राखाडी होतो आणि कडा गडद राहते, तसे इथे नव्हते. अधिकाऱ्यांनी ठिपक्याच्या कडेचा तुकडा कापून पाण्याच्या थेंबात ठेवला आणि मला सूक्ष्मदर्शकातून पाहायला लावले. कापलेल्या कडेतून धुरासारखा पांढुरका प्रवाह पाण्यात पसरत होता. तो प्रवाह जिवाणूंचा होता, म्हणजे हा रोग जिवाणूजन्य करपा होता. तो बियाण्यातून येऊ शकतो आणि पावसाच्या शिंतोड्यांनी एका रोपावरून दुसऱ्यावर जातो. खताने तो बरा होत नाही. उलट युरियाने आलेली कोवळी पालवी त्याला लवकर बळी पडते.

त्यानंतर मी खत पूर्ण थांबवले. जास्त बाधित नऊ रोपे उपटून जाळली. उरलेली एकतीस रोपे नव्या मिश्रणात हलवली: बारीक खडी, कुजलेले शेणखत, परसातली माती आणि तीनदा धुतलेले थोडे कोकोपीट, दर पिशवीला दोन चमचे डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेली चुनखडीची भुकटी). डोलोमाइटचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून तोवर लिटरला ५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट फवारले. पिशव्या विटांवर उचलून पारदर्शक प्लॅस्टिकच्या छपराखाली हातभर अंतरावर मांडल्या आणि पाणी फक्त बुंध्याशी, सकाळी द्यायला लागले. कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला ३ ग्रॅम या प्रमाणात दहा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारले. ताम्रयुक्त औषधाने जुना ठिपका पुसला जात नाही, त्यामुळे औषध लागू पडले की नाही हे मी नव्या पानांवरच पाहत होते. त्यासाठी दहा रोपांच्या शेंड्याखाली लोकरीचा धागा बांधून ठेवला होता.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात धाग्याच्या वर सहा-सात पाने आली होती आणि दहांपैकी आठ रोपांवर ती स्वच्छ होती. सप्टेंबरच्या अखेरीस फुले लागली. पुढच्या वर्षाचे बी मी त्याच आठ रोपांचे धरले आहे. पेरण्यापूर्वी ते ५१ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ३० मिनिटे ठेवणार आहे आणि त्यासाठी तापमापकही आणून ठेवला आहे.