काहिलीतली साखर आणि तिचं समीकरण

गूळ मऊ पडला, ढेप पाझरू लागली की गुऱ्हाळावर उसाला नाहीतर गुळव्याला बोल लागतो. आत घडलेलं बहुतेक वेळा एकच असतं: सुक्रोज, म्हणजे उसाची साखर, फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वाढलेलं असतं. करवीर-पन्हाळ्याच्या काहिलींत हंगामभर चालणाऱ्या याच अभिक्रियेच्या वेगाचं समीकरण जर्मन शास्त्रज्ञ लुडविग विल्हेल्मीने 1850 मध्ये मांडलं. रासायनिक वेगाचं गणित तिथूनच सुरू झालं.

कोणत्याही क्षणी फुटीचा वेग त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो, एवढंच ते सांगतं. उरलेल्या साखरेचा लॉगरिथम वेळेसमोर मांडला की उतरती सरळ रेषा येते. तिच्या उतारावरून वेगस्थिरांक मिळतो. सामू (pH, आम्लता वाढली की उतरणारा आकडा) 1 ने घसरला की हा स्थिरांक दसपट होतो. तापमान 100 वरून 118 अंशांवर गेलं की सुमारे पाचपट. म्हणून चुन्याची निवळी रस तापायच्या आधी हवी. सामू 5.3 चा 6.3 केला तर हिशेबाने फूट दहाव्या हिश्श्यावर येते. मात्र चुना जास्त झाला तर ग्लुकोज-फ्रुक्टोजच बिघडून गूळ काळपट पडतो, आणि हे त्या समीकरणात कुठेच नाही.

शेवटच्या टप्प्यात तर त्याचा पायाच हलतो. साखर फुटायला पाणी लागतं. पातळ द्रावणात पाणी भरपूर असतं, म्हणून ते हिशेबात धरलेलं नाही. घट्ट पाकात ते फारच कमी उरतं. शिवाय तापलेली साखर करपताना आम्लं तयार होतात, सामू खाली येतो आणि स्थिरांक आपोआप वाढत जातो. आलेखाची रेषा मध्येच जास्त उताराची झाली तर आधी सामू तपासावा.

विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, गणित वेगळं. मायकेलिस आणि मेंटेन यांनी 1913 मध्ये यीस्टच्या इन्व्हर्टेझवर, म्हणजे हीच साखर फोडणाऱ्या विकरावर, काम केलं. कमाल वेगाच्या निम्मा वेग गाठायला त्यांना लिटरला सुमारे 0.017 मोल साखर पुरली. उसाच्या रसात ती 0.5 मोलच्या आसपास असते, म्हणजे तीसपट. विकर आधीच पूर्ण गुंतलेलं, त्यामुळे साखर दुप्पट केली तरी वेग जवळपास तेवढाच. साखर अर्धी व्हायला लागणारा काळ विल्हेल्मीच्या नियमात कायम असतो. इथे तो सुरुवातीच्या साखरेबरोबर बदलतो. मोजताना एक अडचण येते: नुकतंच सुटलेलं ग्लुकोज काही वेळ आपलं ध्रुवणवळण (ध्रुवित प्रकाश किती वळवतं ते, आणि फूट त्यावरूनच मोजतात) बदलत राहतं. त्या दोघांनी नमुन्यात अल्क (अल्कली) घालून विकर थांबवलं, वळण स्थिरावू दिलं आणि मगच आकडा घेतला. ही पायरी गाळली की वेग चुकीचाच येतो.

जिवंत पेशीत मला गणिताची खरी कसोटी वाटते. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ जाक मोनो यांचं जिवाणूवाढीचं समीकरण मायकेलिस-मेंटेनसारखंच दिसतं, पण ते यंत्रणेतून निघालेलं नाही, निरीक्षणांवर बसवलेलं आहे. ग्लुकोज आणि दुसरी एखादी शर्करा एकत्र दिली की जिवाणू ग्लुकोज संपवतात, थांबतात आणि मग पुन्हा वाढतात, हेही मोनोंनीच 1941 मध्ये दाखवलं. त्या थांब्यात पेशी नवी विकरं बनवत असते. नुसत्या साखरेच्या समीकरणात तो थांबा येऊच शकत नाही. विकराचं प्रमाण वेगळं चल म्हणून घातलं की येतो, पण स्थिरांक वाढतात आणि वाढीच्या एकाच आलेखावर दोन भिन्न प्रतिमानं (मॉडेल) सारखीच चपखल बसतात. त्यातलं कोणतं खरं, ते ठरवायला वाढीच्या मध्यावरच्या पेशी काढून ताज्या शर्करेत टाकाव्यात आणि विकर वेगळं मोजावं. थांबा पेशींच्या आधीच्या खाण्यावर अवलंबून निघाला, तर फक्त साखर मोजणारं प्रतिमान बाद.