तुम्ही विचारलंत म्हणून: जॅक जॉन्सन दोषी होता का?

फौजदारी कायदा शिकवताना मी अमेरिकेचा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा जॅक जॉन्सन याच्यावर, एका स्त्रीला अनैतिक हेतूने दुसऱ्या राज्यात नेल्याच्या आरोपावरून 1913 मध्ये चाललेला खटला दरवर्षी वर्गात घेते, आणि तास संपता संपता कोणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, पण तो दोषी होता की नव्हता?" वर्गात वेळ संपलेली असते आणि उत्तर अर्धवट राहतं. ते इथे सविस्तर देते. कायद्याच्या शब्दांत बसवायचंच ठरवलं तर जॉन्सनला दोषी ठरवणं शक्य होतं, आणि तरीही त्याच्यावरचा खटला अन्यायाचा होता. ही दोन्ही विधानं मी पूर्ण विचारांती करते आहे.

आधी माणूस कोण होता ते पाहू. जॉन्सनचा जन्म 1878 मध्ये टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन या बंदराच्या गावी, पूर्वी गुलामगिरीत राहिलेल्या आईवडिलांच्या पोटी झाला. टेक्सासमध्ये तेव्हा पैशांसाठी मुष्टियुद्ध खेळणं बेकायदा होतं. 1901 मध्ये जो चोयन्स्की या मुरलेल्या मुष्टियोद्ध्याने त्याला तिसऱ्या फेरीत आडवं केलं, पोलिसांनी लगेच दोघांनाही अटक केली, आणि पुढचे तीन आठवडे ते एकाच तुरुंगात राहिले. तिथे चोयन्स्कीने त्याच्याशी सराव करत त्याला आपली विद्या दिली. ठोसा मारण्याइतकंच ठोसा चुकवण्याला महत्त्व देणारी, प्रतिस्पर्ध्याला थकवत आणि चिडवत नेणारी जॉन्सनची पुढे गाजलेली शैली घडण्यात या दिवसांचा वाटा मोठा होता. कायद्याशी त्याची ही पहिली ठळक गाठ, आणि तिच्यातून त्याचं भलंच झालं.

त्या काळी कृष्णवर्णीयांसाठी हेवीवेटचं, म्हणजे सर्वांत वजनदार गटाचं, वेगळं अजिंक्यपद असे. ते जॉन्सनने 1903 मध्ये जिंकलं. खरं अजिंक्यपद मात्र जेम्स जेफ्रीज या गोऱ्या खेळाडूकडे होतं आणि जगज्जेतेपद पणाला लावून कृष्णवर्णीयाशी लढण्यास त्याचा साफ नकार होता. 1905 मध्ये तो अपराजित राहून निवृत्त झाला. त्याच्यानंतर ते पद टॉमी बर्न्सकडे गेलं. जॉन्सनने बर्न्सचा जगभर पिच्छा पुरवला, आणि अखेर 26 डिसेंबर 1908 रोजी सिडनीत दोघे समोरासमोर आले. बर्न्सला तीस हजार डॉलर मिळाले आणि जॉन्सनला पाच हजार. चौदाव्या फेरीत बर्न्सची अवस्था इतकी वाईट झाली की पोलिसांनी लढत थांबवली. हेवीवेटचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता असा झाला.

गोऱ्या अमेरिकेला हे सहन झालं नाही. जॉन्सनला हरवू शकेल अशा गोऱ्या खेळाडूचा शोध सुरू झाला, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून जेफ्रीजलाच निवृत्तीतून बाहेर ओढलं. 4 जुलै 1910 रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, नेव्हाडातल्या रेनो या गावी सुमारे वीस हजार लोकांसमोर ही लढत झाली. तोपर्यंत एकदाही खाली न पडलेला जेफ्रीज पंधराव्या फेरीत पुन्हा पुन्हा कोसळला आणि त्याच्या माणसांनी हार मानली. त्या रात्री देशातल्या अनेक शहरांत दंगली उसळल्या आणि त्यांत कितीतरी कृष्णवर्णीयांचा जीव गेला. या लढतीच्या चित्रफिती दाखवण्यावर गावोगावी बंदी आली. 1912 मध्ये तर मुष्टियुद्धाच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास मनाई करणारा केंद्रीय कायदाच झाला, आणि तो 1940 पर्यंत टिकला.

आता दुसरा कायदा, ज्याच्यामुळे जॉन्सन तुरुंगात गेला. रेनोच्या लढतीच्या नऊच दिवस आधी, 25 जून 1910 रोजी, राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी मान कायद्यावर सही केली होती. फूस लावून किंवा बळजबरीने स्त्रियांना वेश्याव्यवसायात ढकलणाऱ्या टोळ्यांना आवर घालणं हा त्याचा जाहीर उद्देश होता. पण त्याच्या मुख्य कलमात वेश्याव्यवसाय आणि व्यभिचार यांच्यापुढे "किंवा अन्य कोणत्याही अनैतिक हेतूने" अशी पुस्ती जोडलेली होती. राज्याची सीमा ओलांडून स्त्रीला नेणं, किंवा तिच्या प्रवासाचा खर्च करणं, हेसुद्धा त्या पुस्तीमुळे गुन्हा ठरू शकत होतं, आणि हेतू अनैतिक होता की नाही हे बारा ज्यूरींच्या मतावर सोपवलेलं होतं. कलम इतकं सैल लिहिलं की ते कोणावर लावायचं हे तपास अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहतं.

जॉन्सन गोऱ्या स्त्रियांबरोबर उघडपणे राहत असे, त्यांच्याशी लग्न करत असे, महागड्या मोटारी भरधाव चालवत असे, आणि कोणापुढे मान खाली घालत नसे. त्याची पत्नी एटा डुरिया हिने सप्टेंबर 1912 मध्ये, शिकागोतल्या त्याच्या कॅफेच्या वरच्या मजल्यावर आत्महत्या केली. पुढच्याच महिन्यात ल्युसिल कॅमेरॉन या तरुण गोऱ्या मुलीच्या आईने, जॉन्सनने आपल्या मुलीला पळवून नेल्याची तक्रार केली आणि त्याला अटक झाली. ल्युसिलने त्याच्याविरुद्ध बोलण्यास नकार दिला, खटला ढासळला, आणि डिसेंबरमध्ये तिने त्याच्याशीच लग्न केलं. त्याच महिन्यात जॉर्जियाच्या एका प्रतिनिधीने गोऱ्या-काळ्यांच्या विवाहावर बंदी घालण्यासाठी घटनादुरुस्तीचा प्रस्ताव संसदेत मांडला.

माझ्या उत्तराचा गाभा इथे आहे. पहिली तक्रार टिकत नाही असं दिसू लागल्यावर फाइल बंद व्हायला हवी होती. त्याऐवजी केंद्रीय तपास यंत्रणेची माणसं जॉन्सनच्या आयुष्यात पूर्वी येऊन गेलेल्या स्त्रियांचा माग काढत हिंडू लागली, आणि त्यांना बेल श्रायबर सापडली. बेल ही गोरी स्त्री वेश्याव्यवसायात होती आणि काही वर्षं तिचे जॉन्सनशी संबंध होते. 1910 मध्ये पिट्सबर्गमध्ये ती निराधार झाली तेव्हा जॉन्सनने तिला शिकागोला येण्यासाठी पैसे पाठवले आणि तिथे एक घर थाटून दिलं. हाच तो गुन्हा. फौजदारी तपासात आधी गुन्हा घडतो आणि मग तो करणाराचा शोध घेतला जातो. इथे आरोपी आधी निश्चित झाला होता आणि त्याला लागू पडेल असा प्रसंग मागाहून शोधून काढला गेला. निकाल काहीही लागला असता तरी, तपासाचा हा क्रमच मला अन्यायाचा पुरेसा पुरावा वाटतो.

मे 1913 मध्ये सगळ्या गोऱ्या ज्यूरींनी दोन तासांच्या आत त्याला दोषी ठरवलं, आणि पुढे एक वर्ष एक दिवसाचा तुरुंगवास व एक हजार डॉलर दंड अशी शिक्षा झाली. निकालानंतर सरकारी वकील हॅरी पार्किन यांनी वार्ताहरांना जे सांगितलं त्याचा आशय असा होता, की या एका माणसाचा व्यक्ती म्हणून छळ झालाही असेल, परंतु गोऱ्या-काळ्यांचे विवाह होऊ देण्यातल्या वाईटाचं तो सर्वांत ठळक उदाहरण ठरला हे त्याचं दुर्दैव. फिर्यादी पक्षाच्या तोंडून इतकी स्पष्ट कबुली क्वचितच मिळते.

यावर हुशार विद्यार्थी एक आक्षेप घेतात, आणि तो योग्य आहे. त्याच 1913 मध्ये कॅलिफोर्नियातले डिग्ज आणि कॅमिनेटी हे दोन विवाहित गोरे पुरुष आपल्या प्रेयसींना घेऊन सॅक्रामेंटोहून रेनोला गेले, याच कायद्याखाली पकडले गेले, आणि त्यांना जॉन्सनपेक्षा जास्त शिक्षा झाली. 1917 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा कायम करताना, पैशांचा व्यवहार नसला तरी हा कायदा लागू होतो असं स्पष्ट केलं. मग वर्णद्वेषाचा प्रश्न येतो कुठे? माझं उत्तर असं की कायदा वाईट असल्याचा तो दाखला आहे, पण त्यांच्या प्रकरणात तपास ज्या प्रवासापासून सुरू झाला त्याच प्रवासावर संपला. त्यांच्या पूर्वायुष्यातली एखादी तरी स्त्री हाती लागावी म्हणून सरकारने देश पालथा घातला नव्हता.

दुसऱ्या बाजूची गोष्टही सांगायलाच हवी, कारण जॉन्सनची बाजू घेणारे पुष्कळदा ती टाळतात. तो स्त्रियांना मारहाण करत असे. 1910 च्या नाताळात त्याने एटाला इतकं मारलं की तिला इस्पितळात ठेवावं लागलं. हा खराखुरा गुन्हा होता, त्यात एक स्त्री खरोखर जखमी झाली होती, आणि त्यासाठी त्याच्यावर कधी खटला भरला गेला नाही. स्त्रियांच्या रक्षणाचं नाव घेणाऱ्या सरकारला तिच्या अंगावरच्या जखमांपेक्षा तिने कोणाशी संसार मांडला याची चिंता अधिक होती. जॉन्सनविषयी आदर असूनही मला याचा संताप येतो, आणि तो त्याच्यावर जितका आहे तितकाच त्याच्यावर खटला चालवणाऱ्यांवरही आहे.

पुढचं थोडक्यात. अपील प्रलंबित असताना जामिनावर असलेला जॉन्सन कॅनडामार्गे फ्रान्सला निसटला. 5 एप्रिल 1915 रोजी क्यूबातल्या हवानाच्या रणरणत्या उन्हात, जॉन्सनच्या सदतिसाव्या वर्षी, जेस विलर्ड या गोऱ्या खेळाडूने त्याला सव्विसाव्या फेरीत पाडून अजिंक्यपद घेतलं. आपण मुद्दाम हरलो असं तो नंतर सांगत राहिला, पण ठरवून हरणारा माणूस पंचवीस फेऱ्या इतक्या जिद्दीने खेळेल हे मला पटत नाही. स्पेन आणि मेक्सिकोत काही वर्षं काढून जुलै 1920 मध्ये तो सीमेवर स्वतःहून हजर झाला आणि कॅन्ससमधल्या लेव्हनवर्थ तुरुंगात त्याने शिक्षा भोगली. सुटकेनंतर त्याला पुन्हा अजिंक्यपदासाठी लढण्याची संधी कधीच मिळाली नाही. एवढंच नव्हे, 1937 मध्ये ज्यो लुई जिंकेपर्यंत तब्बल बावीस वर्षं ते पद एकाही कृष्णवर्णीयाला मिळालं नाही. जॉन्सन 1946 मध्ये नॉर्थ कॅरोलिनात मोटार अपघातात गेला.

24 मे 2018 रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला मरणोत्तर माफी दिली, आणि तेव्हापासून मला विचारला जाणारा पुढचा प्रश्न असा असतो, की मग आता तो निर्दोष ठरला का? नाही. माफी म्हणजे निर्दोष मुक्तता नव्हे. ती दोषसिद्धी पुसून टाकत नाही, आणि ज्यूरींचा निकाल नोंदीत तसाच राहतो. तो निकाल पुसायचा तर न्यायालयाने तो रद्द करावा लागतो, आणि जॉन्सनच्या बाबतीत ते झालेलं नाही. "अन्य कोणत्याही अनैतिक हेतूने" हे शब्द संसदेने 1986 मध्ये त्या कायद्यातून काढून टाकले; त्यांच्या जागी, जे कृत्य मुळातच फौजदारी गुन्हा आहे अशाच लैंगिक कृत्याची अट घातली. आज बेलला शिकागोचा प्रवासखर्च पाठवणाऱ्या जॉन्सनवर खटला चालवायचा तर सरकारला आधी तो मूळ गुन्हा दाखवावा लागेल, आणि एटाच्या मारहाणीसाठी मात्र त्याला उभं करता येईल.