शालेय बेकिंग स्पर्धेसाठी केकची निवड: अननसाच्या उलट्या केकपर्यंतची नोंद

भाचीच्या शाळेतील बेकिंग स्पर्धेचे नियम हाती आले आणि मनात योजलेले निम्मे केक तिथेच बाद झाले. केक अंड्याशिवायचा हवा, वजन साधारण एक किलोच्या आत हवे, गरम भांडी हाताळणे सोडून सर्व कृती विद्यार्थ्याने स्वतः केलेली हवी, आणि सकाळी साडेआठला सभागृहात आणून ठेवलेला केक दुपारपर्यंत फ्रिजशिवाय टेबलावर टिकायला हवा. परीक्षक आधी अखंड केक पाहून गुण देणार आणि मगच कापून चव घेणार, ही अट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. स्पर्धा ऑगस्टमध्ये आहे, म्हणजे हवेत दमटपणा भरपूर असणार.

भाचीची पहिली पसंती अर्थातच ब्लॅक फॉरेस्टला होती. तो घरी अनेकदा केलेला असला, तरी स्पंज आडवा समान कापणे, क्रीम योग्य घट्टपणापर्यंत फेटणे आणि बाजू गुळगुळीत करणे या तिन्ही गोष्टींना सराईत हात लागतो. शिवाय दुधापासूनचे फेटलेले क्रीम थंडाव्यातच तग धरते. शिफॉन केकची सारी उंची फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्यावर उभी असते, त्यामुळे त्याचा विचारच नको. मार्बल केक सोपा आहे, पण त्याची नक्षी सुरी चालवल्यावर दिसते आणि तोवर दिसण्याचे गुण देऊन झालेले असतात. गोव्याकडचा रवा-नारळाचा बाथ मला स्वतःला या सर्वांहून प्रिय आहे. मात्र पारंपरिक कृतीत अंडी असतात आणि चवीला उजवा असलेला हा केक दिसायला अगदी साधा आहे.

या चाळणीतून माझे मत असे बनले की नवख्या हातांनी सजावटीच्या वाटेला जाऊच नये. केकचे रूप साच्यातून किंवा फळांच्या मांडणीतून आपोआप यावे, असाच केक निवडावा. मग दोनच उमेदवार उरले: बंट केक आणि अननसाचा उलटा केक, म्हणजे साच्याच्या तळाशी फळ मांडून वर पीठ ओतायचे आणि भाजल्यावर उलटून फळ माथ्यावर आणायचे. दोघांचाही स्पर्धांशी जुना संबंध आहे. मधोमध नळी असलेला, पन्हळीदार बंट साचा अमेरिकेतील मिनियापोलिस येथील नॉर्डिक वेअर कंपनीने 1950 च्या सुमारास बाजारात आणला, पण त्याला खरी मागणी आली ती 1966 मध्ये, पिल्सबरी या पीठ विकणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या बेकिंग स्पर्धेत एला हेलफ्रिच यांच्या ‘टनेल ऑफ फज’ या बंट केकने दुसरे बक्षीस मिळवल्यानंतर. डबाबंद अननस विकणाऱ्या जेम्स डोल यांच्या हवाईतील कंपनीने 1925 मध्ये अननसाच्या पाककृतींची स्पर्धा घेतली होती. त्या कंपनीच्या सांगण्यानुसार एकट्या उलट्या केकच्याच सुमारे 2500 कृती आल्या.

बंटला मी नकार दिला, आणि तो नाइलाजाने दिला. दह्यावरचा अंडेविरहित केक गरम असताना फार मऊ असतो; साच्याच्या प्रत्येक पन्हळीत ब्रशने तूप लावून मैदा भुरभुरला, तरी एखादा कोपरा साच्यातच राहण्याची भीती असते. तसे झाल्यास तो व्रण झाकायला पुन्हा आयसिंगच लागते. उलट्या केकमध्ये एखादी चकती साच्याला चिकटली, तर ती उचलून जागेवर बसवता येते आणि कोणाला कळतही नाही.

सरावाची सुरुवात साच्यापासून केली. तळ निघणारा साचा येथे चालत नाही, कारण वितळलेला गूळ फटीतून गळून ओव्हनच्या कांडीवर पडतो. डब्यातील अननसाची चकती साधारण साडेसात सेंटीमीटर व्यासाची असते. मधोमध एक आणि भोवती सहा अशी नेहमीची मांडणी नऊ इंची साच्यात बसते, पण तेवढा केक एक किलोच्या पुढे जातो. म्हणून आठ इंची साचा घेतला आणि मध्ये एक पूर्ण चकती, तिच्याभोवती सहा अर्ध्या चकत्या, कमानीची बाजू बाहेर, अशी रचना केली. हे भाचीनेच शोधून काढले. त्याने केकला सूर्यफुलाचे रूप आले आणि पूर्ण चकत्यांच्या मांडणीपेक्षा ते अधिक रेखीव दिसते, असे माझे मत आहे. मधल्या जागांत लाल चेरी ठेवल्या. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या या ‘चेरी’ बहुतेकदा पाकवलेली करवंदेच असतात. त्यांचा रंग सुटतो, म्हणून त्या धुऊन पुसून घ्याव्यात.

ताज्या अननसाचा मोह मी टाळला. त्यातील ब्रोमेलेन हे विकर दूध-दह्यातील प्रथिने तोडते आणि कडवटपणा आणते. डबाबंद अननस उष्णतेच्या प्रक्रियेतून गेलेला असल्याने ही अडचण येत नाही. ज्यांना ताजाच वापरायचा असेल त्यांनी चकत्या साखरेच्या पाण्यात काही मिनिटे उकळून घ्याव्यात. कोणताही अननस असला, तरी चकत्या चाळणीत निथळून कापडावर कोरड्या करणे आवश्यक आहे, नाहीतर त्यांच्याभोवतीचा केक ओलसर आणि कच्चट राहतो.

तळाच्या थरासाठी 60 ग्रॅम गूळ आणि 40 ग्रॅम लोणी मंद आचेवर फक्त वितळवून घेतो, पाक करत नाही. गूळ साधाच घ्यावा. चिक्कीचा गूळ थंड झाल्यावर कडक होतो आणि सुरीखाली तडकतो. साच्याच्या तळाला बटर पेपरचे वर्तुळ घालतो, पण ते तंतोतंत कापावे लागते, कारण कडेला दुमडलेल्या कागदाची सुरकुती उलटलेल्या केकच्या माथ्यावर जशीच्या तशी उमटते.

पीठ आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. एक वाटी, म्हणजे 240 ग्रॅम, घट्ट दह्यात 150 ग्रॅम साखर विरघळवून त्यात सव्वा चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चहाचा चमचा खाण्याचा सोडा घालायचा. पाच मिनिटांत दही फसफसून वर येते. मग 110 मिलिलिटर बिनवासाचे तेल, व्हॅनिला आणि दोनदा चाळलेला 180 ग्रॅम मैदा. दह्यातील आम्ल आणि सोडा यांतून निघणारा वायूच केक फुगवतो, म्हणून मैदा पडल्यावर पीठ केवळ एकजीव करावे आणि आधीच तापलेल्या ओव्हनमध्ये लगेच ठेवावे. ‘थोडा आणखी सोडा घातला तर अजून फुगेल ना, मावशी?’ या प्रश्नाला माझे उत्तर ठाम नकाराचे होते, कारण जादा सोड्याने साबणासारखी चव येते.

ओटीजीमध्ये, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये, 180 अंश सेल्सिअसवर, मधल्या जाळीवर, 40 ते 45 मिनिटे लागतात. साध्या स्पंजपेक्षा हा वेळ अधिक आहे, कारण खाली फळ आणि गुळाचा गारवा असतो. टूथपिक मध्यभागी घालून पाहावी, पण अननसापर्यंत खुपसू नये. ती ओलीच निघणार.

उलटण्याची वेळ हा या केकचा खरा कळीचा मुद्दा आहे. ओव्हनमधून काढताच उलटल्यास केक दुभंगतो, पूर्ण गार झाल्यावर उलटल्यास गूळ कागदाला धरून बसतो. दहा मिनिटांनी कडेने सुरी फिरवून, वर ताट ठेवून एका झटक्यात उलटावा आणि साचा उचलण्याआधी आणखी दोन मिनिटे तसाच राहू द्यावा. हे एवढे काम मी करते, नियमांत त्याला मुभा आहे; बाकी सर्व आता भाचीच्या हातात बसले आहे.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी केक भाजण्याचे ठरले आहे, कारण रात्रभरात गुळाचा रस आत मुरतो आणि चव सुधारते. दमट हवेत गुळाचा माथा चिकट होतो, म्हणून प्लास्टिकच्या पातळ कागदात न गुंडाळता तो पूर्ण गार झाल्यावर उंच झाकणाच्या खोक्यात ठेवणार आहोत. येत्या रविवारी हे खोके रिक्षातून शाळेपर्यंत नेऊन पाहायचे आहे. चकत्या सरकल्या तर खोक्याच्या तळाला न घसरणारी जाळी अंथरावी लागेल.