सेरोनेरातली ती सिंहीण

टांझानियातल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानातले पहिले दोन दिवस धूळ, गचके आणि लांबून दिसलेल्या हत्तींतच गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी उद्यानाच्या मधल्या भागात, सेरोनेराजवळ, जे बघितलं ते मात्र अजून डोक्यातून जात नाहीये.

एकटीच सिंहीण होती. समोर थॉमसन गॅझेल जातीच्या हरणांचा छोटा कळप चरत होता आणि ही पोट जमिनीला टेकवून गवतातून सरकत होती, उचललेला पंजा खाली ठेवायला इतका वेळ लावायची की इकडे माझा श्वास अडकायचा. हरणाने मान वर केली की ही जागच्या जागी थिजायची, मान खाली गेली की पुन्हा दोन पावलं. पाऊण तास हेच! वारा तिच्याकडून कळपाकडे वाहत होता, गाईड हळूच म्हणाला की सिंह वाऱ्याची दिशा फारशी बघतच नाहीत. तेवढ्यात एका हरणाने पाय आपटला आणि सगळा कळप उधळला. ती धावली, पण अंतर खूप होतं. तीसेक मीटरच्या आत पोचल्याशिवाय तिचं काही चालत नाही, हरीण ताशी ८० किमीपर्यंत पळतं आणि हिचा दम काही सेकंदांतच संपतो.

आजूबाजूच्या जीपमधून मोठ्याने हळहळ, की लगेच इंजिनं सुरू, कारण दुसरीकडे कुठेतरी चित्ता दिसला होता. मला इतका राग आला ना! खरं सांगायचं तर मीपण किल, म्हणजे शिकार, बघायलाच गेले होते.

प्राणीशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांनी १९६६ ते १९६९ मध्ये इथेच सिंहांचा अभ्यास केला होता, त्यात एकट्या सिंहाला साधारण पाच-सहा प्रयत्नांत एकदाच यश आलेलं दिसतं, दोघं-तिघं मिळून असले तरी तीनातून एकदा. म्हणजे आम्ही बघितलं ते तिचं रोजचंच होतं. अंधाऱ्या रात्री जमतं जास्त, पण तेव्हा बघायला कोणी नसतं.

आम्ही थांबलो. ती तोंड उघडं टाकून धापा टाकत होती, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या, आणि सडं भरलेली दिसत होती, म्हणजे कुठेतरी पिल्लं वाट बघत असणार. हरणं लांब जाऊन पुन्हा चरायला लागली. ती उठली, बाभळीच्या सावलीत जाऊन आडवी झाली, तोंड कळपाकडेच करून.