'नॉर्मल' रिपोर्टमध्ये आमचं वर्ष गेलं

माझा धाकटा भाऊ इंदूरला राजवाड्याजवळच्या एका कापड दुकानात हिशेब बघतो. त्याला आकडी येते, पण हातपाय झाडणारी नाही. बोलता बोलता थबकतो, टक लावून बघत राहतो, ओठांची मचमच सुरू होते आणि बोटं शर्टाच्या बटणाशी चाळा करत राहतात. मिनिटभरात सगळं थांबतं.

दोन औषधं झाली तरी आकडी थांबली नव्हती. त्याहून जास्त छळलं ते विसरण्याने. रामबागेत चुलतभावाच्या मुलाची मुंज झाली. हा दिवसभर पंगतीत वाढत होता. महिन्याभराने विचारतो, "ताई, मुंज कधी आहे?" घरात सगळे त्याला बेफिकीर म्हणायचे. मीसुद्धा म्हटलंय.

पहिला एमआरआय 'नॉर्मल' आला आणि आम्ही वर्षभर गप्प बसलो. मग दुसऱ्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली आणि म्हणाले, "यात हिप्पोकॅम्पस नीट दिसतच नाहीये." हा मेंदूचा छोटा भाग. टेम्पोरल लोबच्या, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागाच्या आतल्या बाजूला, डावीउजवीकडे एकेक असतो. नवी आठवण पक्की व्हायला तोच लागतो. नेहमीच्या तपासणीतले जाड काप त्याला तिरके छेदतात, त्यामुळे तो आकसलेला असला तरी नजरेतून सुटू शकतो. त्याच्या लांबीला काटकोनात पातळ काप हवेत. चिठ्ठीवर त्यांनी ठळक लिहून दिलं: एपिलेप्सी प्रोटोकॉल, म्हणजे आकडीसाठी अशा कापांनी करायचा खास एमआरआय.

खरा त्रास इथून पुढे. सेंटरच्या काउंटरवरच्या मुलाने पावतीवर फक्त 'एमआरआय ब्रेन' लिहिलं. मी चिठ्ठी पुढे केली, तर म्हणाला, "मॅडम, ब्रेन मतलब ब्रेन." आठवड्याने नंबर लागला, पैसे भरले, आणि फिल्म आली ती पहिल्यासारखीच! पुन्हा गेले, तर "रिपोर्ट बन गया, अब कुछ नहीं होगा." तिसऱ्या दिवशी मी बाकावरून हललेच नाही. रेडिओलॉजिस्टना भेटल्याशिवाय जाणार नाही, असं सांगून बसले. दुपारी ते बाहेर आले, चिठ्ठी वाचली आणि भावाला पुन्हा आत घेतलं. पहिल्याच दिवशी कुणी ती वाचली असती तर!

डावा हिप्पोकॅम्पस आकसलेला, फ्लेअर नावाच्या एमआरआय चित्रांत उजळ. याला म्हणतात मीझियल टेम्पोरल स्क्लेरोसिस, म्हणजे तिथल्या पेशी कमी होऊन तो भाग आकसणं. डाव्या बाजूचा संबंध बहुतेकांमध्ये शब्दांच्या स्मृतीशी असतो, असं डॉक्टर समजावत होते. भाऊ मध्येच माझ्याकडे वळला, "म्हणजे मी बेफिकीर नव्हतो ना, ताई?" मला बोलता आलं नाही.

फिल्मसोबत सीडी मागून घ्या, पुढचे डॉक्टर तीच बघतात. 'एपिलेप्सी प्रोटोकॉल' हे शब्द पैसे भरण्याआधी पावतीवर लिहून घ्या. औषध स्वतःहून बंद करू नका. काही औषधांनीही विसरायला होतं, तसं वाटलं तर डॉक्टरांना सांगा.

स्मृतीची चाचणीही झाली. पंधरा शब्द पाच वेळा वाचून दाखवले, अर्ध्या तासाने पुन्हा विचारले. ती हिंदीत होती. आमच्या घरात मराठी, पण भावाची शाळा हिंदी, म्हणून चाललं. तुमच्या माणसाला कोणती भाषा सोपी जाते, ते आधीच सांगा. ऑपरेशनचा विचार असेल तर ही चाचणी टाळू नका. १९५३ मध्ये अमेरिकेत आकडी थांबावी म्हणून हेन्री मोलेसन यांच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा भाग काढला, आणि त्यानंतर ते नव्या आठवणी साठवू शकले नाहीत. आता एकाच बाजूचं ऑपरेशन करतात, तेही दुसरी बाजू किती भार उचलेल हे बघून.

आमची व्हिडिओ ईईजीची, म्हणजे आकडीचं चित्रण आणि मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद एकत्र करणाऱ्या तपासणीची, तारीख पुढच्या महिन्यात आहे. भाऊ आता खिशात छोटी वही ठेवतो. मुंजीचा फोटो त्याने तिच्या पहिल्याच पानावर चिकटवलाय.