कानाला कळणारे नाव

सभागृहात संगीताचा आवाज टिपेला पोहोचला होता. माझ्या दोन्ही खांद्यांवर एकेक कॅमेरा होता आणि नवरी जिना उतरण्याच्या बेतात होती. तेवढ्यात एक वयस्क गृहस्थ शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारले, "बेटा, तुमच्या फोटोवाल्यांचं नाव काय? माझ्या भाचीचं लग्न ठरलंय." मी तेव्हा ज्यांच्याकडे काम करत होते, त्यांच्या व्यवसायाचे नाव दोन इंग्रजी शब्दांचे होते आणि वेगळेपणा यावा म्हणून दुसऱ्या शब्दाचे स्पेलिंग मुद्दाम बदललेले होते. मी नाव सांगितले. त्यांनी कानाला हात लावला. मी पुन्हा सांगितले आणि एकेक अक्षर सांगू लागले, तोवर नवरी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आली आणि मला धावावे लागले. त्या भाचीच्या लग्नाचे काम दुसऱ्याच एका फोटोग्राफरला मिळाल्याचे पुढे कळले. गृहस्थांनी कानाला जसे ऐकू आले तसे नाव फोनवर शोधले होते, आणि त्या स्पेलिंगने जो सापडला त्याला त्यांनी भाबडेपणाने आमचाच समजून काम दिले होते.

सहा वर्षे दुसऱ्यांच्या हाताखाली लग्ने टिपल्यानंतर आता धाकटा भाऊ आणि मी स्वतःचा व्यवसाय सुरू करत आहोत. फोटो मी काढणार आहे, व्हिडिओ आणि संकलन तो सांभाळणार आहे. कॅमेरे, लेन्स, करारनामा, बॅकअपच्या हार्डडिस्क या सगळ्यांचा निर्णय पंधरवड्यात झाला. नावाला मात्र चार महिने लागले. एवढा वेळ लागल्याबद्दल मला मुळीच वाईट वाटत नाही. आमच्या धंद्यात बहुतेक काम तोंडोतोंडी येते. एका लग्नाला आलेले पाहुणे दुसऱ्या घरी आपले नाव घेतात, तेही बहुतेकदा आपल्या पाठीमागे, फोनवर, घाईत आणि गोंगाटात. तेव्हा नाव आधी कानाला कळले पाहिजे आणि नंतर डोळ्यांना आवडले पाहिजे, हे मला त्या जिन्यापाशी पटले होते. भावाला ते पटायला थोडा वेळ लागला, कारण तो पहिल्याच दिवशी बोधचिन्हाची तीन रेखाटने करून बसला होता.

वहीत सुरुवातीला साठाहून अधिक नावे जमली. त्यांतली पहिली मोठी काट मारली ती अवजारांच्या नावांवर: लेन्स, शटर, फ्रेम, क्लिक, पिक्सेल, फोकस. ही नावे वाईट नाहीत, पण ती आमच्या पिशवीत काय आहे ते सांगतात. लग्नघराला पिशवीशी काही देणेघेणे नसते. शिवाय हे शब्द इतक्या जणांनी वापरले आहेत की ऐकणाऱ्याला 'क्लिक'वाले तेवढे आठवतात, पण नेमके कोणते 'क्लिक'वाले ते आठवत नाही.

मग उरली मनाला भिडणारी मराठी नावे, आणि खरा झगडा तिथे झाला. आठवण, क्षण, सोहळा, स्मृती यांपैकी प्रत्येक शब्द मला प्रिय आहे आणि प्रत्येकासाठी मी भावाशी भांडले. देवनागरीत हे शब्द निर्दोष आहेत. अडचण ते रोमन लिपीत उतरवताना सुरू होते, आणि ईमेल, वेबसाइट व इन्स्टाग्राम यांच्यासाठी ते उतरवावे लागतातच. 'आठवण' घ्या. रोमन लिपीत 'ठ' आणि 'थ' एकाच जोडाक्षराने लिहिले जातात, 'ण' आणि 'न' यांत फरक राहत नाही, 'व'साठी दोन अक्षरे प्रचलित आहेत आणि आरंभीचा 'आ' कोणी एका ए-ने लिहितो तर कोणी दोन ए-नी. मराठी न येणाऱ्या एका मैत्रिणीला मी ते रोमन अक्षरांत दाखवले, तेव्हा तिने 'अथावन' असे वाचले. 'सोहळा'तल्या 'ळ'चा 'ल' झाला. 'क्षण'चे कोणी 'कशन' केले. 'स्मृती'ची गंमत वेगळीच निघाली: आपण 'ऋ'चा उच्चार 'रु'कडे झुकता करतो आणि हिंदी भाषक 'रि'कडे, त्यामुळे एकाच शब्दाची दोन स्पेलिंगे सारख्याच हक्काने वावरतात. त्यातच ते मुलीचेही नाव असल्यामुळे ऐकणाऱ्या दोघांनी मलाच स्मृती समजून हाक मारली. यावर उपाय म्हणून वेबसाइटचा पत्ता थेट देवनागरीत घेता येतो, कारण इंटरनेटच्या पत्तापद्धतीत आता इतर लिप्यांची सोय आहे. पण ती यंत्रणा आतून त्या नावाचे लॅटिन अक्षरांच्या एका सांकेतिक माळेत रूपांतर करते आणि काही ठिकाणी नेमकी तीच माळ पाहणाऱ्यासमोर येते. देवनागरी पत्ता सोबतीला असावा, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नये, या मतावर मी आले आहे.

कागदावर सुंदर दिसणारी अक्षरे तोंडातून बाहेर पडली की त्यांचे काय होते, याकडे मी त्या दिवसांत बारकाईने लक्ष देऊ लागले. जॉर्ज ईस्टमन यांनी 1888 मध्ये 'कोडॅक' हे नाव नोंदवले. तो शब्द कोणत्याही भाषेतला नव्हता, त्यांनी तो घडवला होता. के हे अक्षर त्यांना दमदार वाटे, म्हणून ते आरंभीही आहे आणि शेवटीही. नाव आखूड असावे, त्याचा चुकीचा उच्चार करता येऊ नये आणि या धंद्यातल्या दुसऱ्या कशाशीही त्याचे साम्य नसावे, ही त्यांची कसोटी होती. तिच्यातला पहिला आणि दुसरा भाग आम्ही जसाच्या तसा उचलला. घडवलेला शब्द घेण्याचे मात्र आम्ही टाळले, कारण अर्थहीन शब्दात अर्थ भरायला वर्षे आणि जाहिरातीचा खर्च लागतो, आणि दोघांच्या लहान व्यवसायाला या दोन्ही गोष्टी परवडत नाहीत. आवाजाचा परिणाम मात्र खरा असतो. 1929 मध्ये मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग क्योलर यांनी निरर्थक शब्द आणि आकार यांची जोडी लावायला लोकांना सांगितले, तेव्हा कठोर आवाजाचा शब्द अणकुचीदार आकाराला आणि मऊ आवाजाचा शब्द गोलसर आकाराला देण्याकडे लोकांचा कल दिसला. क, ट, ख यांची रेलचेल असलेले नाव क्रीडा छायाचित्रणाला शोभेल. लग्नासाठी मला म, ल, स, न यांच्या जवळ राहायचे होते.

स्वतःचेच नाव का देऊ नये, हा प्रश्न आईने विचारला. प्रश्न रास्त होता आणि आमच्या कलेइतकाच जुना होता. 1839 मध्ये जगापुढे आलेल्या फोटो काढण्याच्या पहिल्या यशस्वी पद्धतीला फ्रान्सच्या दागेर यांनी स्वतःचे नाव दिले, दागेरोटाइप. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी आपल्या पद्धतीसाठी 'सुंदर' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'कॅलोटाइप' हे नाव घेतले, तरी तिला 'टॅलबोटाइप'ही म्हटले जाऊ लागले. त्याच 1839 मध्ये जॉन हर्शेल यांनी आपल्या निबंधात वापरलेला 'फोटोग्राफी', म्हणजे प्रकाशाने लिहिणे, हा शब्द या दोन्ही नावांना मागे टाकून टिकला. (आपण मराठीत त्याच गोष्टीला प्रकाशावरून नाव न देता छायेवरून 'छायाचित्र' म्हणतो, हे मला नेहमी फार सुंदर वाटत आले आहे.)

स्वतःच्या नावाचा फायदा उघड आहे. लग्नासारख्या पुन्हा न घडणाऱ्या प्रसंगी लोक माणसावर विश्वास टाकतात, आणि ज्याचे नाव पाटीवर आहे तो जबाबदारी झटकणार नाही असे त्यांना वाटते. पण त्याच विश्वासातून "तुम्ही स्वतः येणार ना?" हा प्रश्नही येतो. उद्या एकाच तारखेला दोन लग्ने आली आणि दुसरीकडे मी तयार केलेली सहकारी गेली, तर ती कितीही उत्तम असली तरी त्या घराला फसवणूक झाल्यासारखे वाटेल, आणि नाव माझे असेल तर त्यांचे वाटणे चूक म्हणता येणार नाही. शिवाय माझे नाव दिले तर भावाचे काम झाकले जाते. जो फोटोग्राफर एकट्यानेच, वर्षाला मोजकी लग्ने घेऊन काम करणार आहे, त्याने खुशाल स्वतःचे नाव द्यावे. त्याच्यासाठी त्याहून चांगले नाव नाही. आमचा मार्ग तो नव्हता.

नावापुढच्या शब्दाचाही विचार करावा लागला. 'स्टुडिओ' म्हटले की लोक जागा शोधत येतात आणि आमच्याकडे जागा नाही. 'फिल्म्स' म्हटले की फोटो दुय्यम वाटतात. 'वेडिंग' हा शब्द नावात घातला तर काम लगेच कळते, परंतु ज्या जोडप्याचे लग्न आपण टिपले ते दोन वर्षांनी तान्ह्या बाळाचे फोटो काढायला बोलावते, तेव्हा तो शब्द आडवा येतो. म्हणून मूळ नाव एकाच शब्दाचे ठेवायचे आणि त्याखाली लहान अक्षरांत 'लग्नाची छायाचित्रे आणि चित्रफिती' असे लिहायचे ठरले. खालची ओळ पुढे बदलता येते. नाव बदलणे सोपे नसते.

नाव आधीच दुसऱ्या कुणी घेतलेले आहे का, याची शोधाशोध कंटाळवाणी असते, पण तिच्यात कसूर करू नये. व्यापारचिन्हांच्या, म्हणजे ट्रेडमार्कच्या, आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात एकूण 45 वर्ग आहेत आणि छायाचित्रणाची सेवा 41व्या वर्गात येते; त्यामुळे त्याच नावाचे साबण किंवा चपला निघाल्या म्हणून लगेच घाबरायचे कारण नसते, पण 41व्या वर्गात सारखे किंवा कानाला सारखे वाटणारे नाव निघाले तर तिथेच थांबावे. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या संकेतस्थळावर नोंदलेली चिन्हे विनामूल्य शोधता येतात, आपल्या देशाच्या नोंदणी कार्यालयाचा शोध त्याशिवाय करावा, आणि दोन्हीकडे नावाची तीन-चार स्पेलिंगे टाकून पाहावीत. केवळ साम्यापायी मोठ्यांनाही वाकावे लागले आहे. निप्पॉन कोगाकू या जपानी कंपनीच्या नावातून 'निकॉन' हे नाव घडले, पण ते झाइस इकॉन या जर्मन कॅमेरा कंपनीच्या 'इकॉन'शी जुळते असा आक्षेप आला आणि जर्मनीत त्यांचे काही कॅमेरे 'निक्कोर' या नावाने विकले गेले. जो शब्द केवळ सेवेचे वर्णन करतो, त्यावर एकट्याचा हक्क मिळणे बहुतेक ठिकाणी कठीण असते, हेही या शोधात समजले. 'सुंदर लग्नचित्रे' असे नाव घेणाऱ्याला उद्या शेजाऱ्यानेही तेच शब्द वापरले तर फारसे काही करता येत नाही.

एका रात्री मी माझ्या आईवडिलांच्या लग्नाचा अल्बम काढून बसले. शेवटच्या जाड पानाच्या कोपऱ्यात, फोटो काढणाऱ्याच्या नावाचा अंगठ्याएवढा उठावदार शिक्का आहे. त्यात रंग नाही, शाई नाही, फक्त कागद दाबून केलेली अक्षरे आहेत. दिवा तिरका धरला तरच ती दिसतात, आणि बोट फिरवले तर लागतात. तो व्यवसाय कधीच बंद झाला, तरी त्याचे नाव आमच्या घरात इतकी वर्षे राहते आहे. आमच्या यादीतली उरलेली पाच नावे मी त्या कोपऱ्यात मनाने ठेवून पाहिली. दोन नावे तिथे शोभेनात. ती आजच्या बोलण्यातल्या ऐटीची होती आणि वीस वर्षांनी कुणाच्या अल्बममध्ये ती परकी वाटली असती. मी ती खोडली आणि भावाने सकाळी हरकत घेतली नाही.

उरलेल्या तिघांची परीक्षा आईने घेतली. तिने चौदा नातेवाइकांना आणि ओळखीच्यांना फोन केला, स्वयंपाकघरातला नळ सोडून ठेवून प्रत्येकाला प्रत्येक नाव एकदाच सांगितले, आणि ऐकले ते रोमन अक्षरांत लिहून पाठवायला सांगितले. "पुन्हा सांगू का, असं मी कुणालाही विचारणार नाही," असे ती आधीच बजावून बसली होती. पहिले नाव सहा जणांनी बरोबर लिहिले, दुसरे नऊ जणांनी. तिसरे तेरा जणांनी बरोबर लिहिले. ते साध्या बोलण्यातले, तीन अक्षरांचे, ठ-ण-ळ यांपासून दूर असलेले आणि लग्नाशी अर्थाने हळूच जोडलेले नाव आहे. नोंदणीचा अर्ज अजून गेलेला नाही, म्हणून ते इथे लिहीत नाही; अर्ज भरण्याआधी नाव चारचौघांत जाहीर करू नये असे मला सगळ्या अनुभवी लोकांनी सांगितले आणि ते मी पाळते आहे.

चौदाव्या व्यक्तीने, म्हणजे धाकट्या मावशीने, शेवटी एक जादा ए लिहिला होता. "ताई, मावशी लिहिते तसं आणखी पुष्कळ जण लिहितील," भाऊ म्हणाला, आणि त्या संध्याकाळी आम्ही वेबसाइटसाठी दोन पत्ते घेतले, एक आमच्या स्पेलिंगचा आणि एक मावशीच्या.