मांड आधी, प्रकार नंतर

रविवार, सकाळच्या रपेटीनंतर

शाळेत असताना घोडा चालवलेला माणूस चाळिशीत पुन्हा खोगिरावर चढतो, तेव्हा त्याला सगळं आठवत असतं, पण मांड उरलेली नसते. खुर्चीत बसून बसून खुबे आखडतात. तोल जरा हलला की गुडघे आवळले जातात, पोटऱ्या मागे सरकतात, धड पुढे कलतं. टाच बरगडीला लागते म्हणून घोडा वेग वाढवतो, आणि घाबरून स्वार गुडघे आणखी आवळतो.

यावर लंजइतका चांगला उपाय नाही. शिक्षक मधे उभा, हातात सात-आठ मीटरची दोरी, घोडा भोवती गोल फिरतोय आणि स्वाराच्या हातात लगाम नाहीच. वीस-पंचवीस मिनिटं पुष्कळ झाली. आधी साधी चाल, मग दुडकी, मग रिकिबी सोडून दुडकी. श्वास रोखला की पाठ ताठते आणि बैठक आपटते, म्हणून घोड्याची पावलं मोठ्याने मोजायची. दुडकीत उठबस करताना गोलाच्या बाहेरचा खांदा पुढे गेला की उठायचं. त्याच क्षणी घोड्याचा आतला मागचा पाय पोटाखाली येत असतो, आणि तेव्हा त्याची पाठ हलकी असलेली बरी.

वजनाची गोष्ट मोठ्या माणसांनी संकोच न करता बोलावी. खोगिरासह घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत राहावं असा ढोबळ नियम आहे. ३८० किलोच्या मारवाडी घोड्यावर म्हणजे ७६ किलो, आणि त्यातले सहा-आठ किलो खोगिराचेच. तंग, म्हणजे खोगीर बांधणारा पोटाखालचा पट्टा, घोड्यावर चढण्याआधी एकदा आणि पाच मिनिटं चालवून पुन्हा एकदा तपासायचा, कारण तंग आवळताना बरेच घोडे पोट फुगवतात.

घोडेस्वारीचा प्रकार कोणता निवडायचा? परतणाऱ्याने ड्रेसाजपासून, म्हणजे ठरलेल्या चाली नेमकेपणाने करून दाखवण्याच्या प्रकारापासून, सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. लांब रिकिबी, २० बाय ४० मीटरचं मैदान, कडेला अक्षरं, आणि अमुक अक्षरापाशीच चाल बदलायची. तिथे चूक लपत नाही. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, अनुष अगरवाला आणि मुंबईच्या हृदय छेडाने याच प्रकारात सांघिक सुवर्ण मिळवलं. घोडेस्वारीत भारताला १९८२ नंतर मिळालेलं हे पहिलं सुवर्ण!

उडीसाठी रिकिबी दोन-तीन भोकं वर घ्याव्या लागतात. सुरुवात जमिनीवर ठेवलेल्या दांड्यांनी करायची: दुडकीसाठी दोन दांड्यांत साधारण १.३ मीटर अंतर, घोड्याच्या टापेप्रमाणे थोडं कमी-जास्त. इथे बिघडतं ते नजरेमुळे. दांडीकडे पाहिलं की खांदे खाली जातात, आणि घोडा उडी घेण्याआधीच स्वार पुढे पडतो. मग सावरायला लगाम ओढला जातो आणि तो झटका घोड्याच्या तोंडाला बसतो. दोन-चार वेळा असं झालं की चांगला घोडासुद्धा दांडीपुढे अडतो. त्यापेक्षा आयाळ मुठीत धरावी, त्यात कमीपणा काही नाही.

लांब पल्ल्याच्या एन्ड्युरन्समध्ये घोड्याची नाडी ठरलेल्या वेळात मिनिटाला साधारण ६४ वर उतरावी लागते, नाहीतर पशुवैद्य पुढे सोडत नाहीत. घोडा ओळखायला शिकवणारा हा प्रकार मला फार मोलाचा वाटतो. टेंट पेगिंग मात्र सगळ्यात शेवटी. भरधाव घोडा, एका हातात लगाम, दुसऱ्या हातात भाला आणि त्याने उचलायची जमिनीत रोवलेली खुंटी: लगामाचा आधार न घेता कँटरमध्ये, म्हणजे दुडकीपेक्षा वेगवान चालीत, स्थिर बसता येईपर्यंत भाला हातात घेऊ नये.